एकोणीस नंबरचा उजेड

१

सोमवारी सकाळी सव्वानऊला मी कॉम्प्युटर उघडला, तर एकोणीस नंबरचा मेंदू जागेवर नव्हता. अठरा होता, वीस होता. मधली फाईल कुणीतरी अलगद काढून नेली होती, आणि बॅकअपमधूनही.

मेंदू म्हणजे अर्थात मेंदूचं चित्र. आमचा अभ्यास लिव्हरच्या जुनाट दुखण्याचा. त्यात चाळीस आजारी माणसं, चाळीस निरोगी, आणि सगळ्यांच्या डोक्याचा एमआरआय. पोटाच्या दुखण्यात डोक्याची चित्रं कशाला, असं माझी आईसुद्धा विचारते. तिला सांगते तेच इथे सांगते. आपल्या रोजच्या जेवणात मँगनीज नावाचा धातू कणभर असतो. धडधाकट लिव्हर जास्तीचा धातू पित्तावाटे बाहेर टाकतं. लिव्हर थकलं की तो रक्तात राहतो आणि मेंदूच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतो, एक जागा डावीकडे, एक उजवीकडे. एका प्रकारच्या चित्रात या दोन जागा पांढऱ्या दिसतात, सोललेल्या बदामांसारख्या. पोटातलं दुखणं कपाळामागे उजेड पाडतं! पहिल्यांदा तो उजेड पाहिला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. तीन वर्षं झाली, पण मला त्याची अजून सवय झालेली नाही.

एकोणीस नंबर निरोगी गटातला होता. आणि तो झगझगत होता.

शुक्रवारी सरांच्या केबिनमध्ये हे उघडकीला आलं. सर म्हणजे या दुखण्यातलं मोठं नाव. त्यांच्यापुढे चांगले चांगले डॉक्टर शाळकरी पोरं होतात. मी आत शिरले तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे मनगटावरचं किल्लीचं घड्याळ माझ्यासमोर धरलं.

"अकरा दहा. अकराची मीटिंग होती."

भिंतीवरच्या घड्याळात अकराच वाजले होते. पण गेले तीन-चार महिने सरांशी वेळेवरून वाद घालणं आम्ही सोडून दिलं होतं. अलीकडे त्यांचा पारा लवकर चढायचा. मीटिंगमध्ये डोळे मिटून बसायचे आणि आम्ही म्हणायचो, विचार करतायत. पहाटे तीनला त्यांचे मेसेज यायचे आणि आम्ही म्हणायचो, काय हा माणूस, झोपतसुद्धा नाही! थोरामोठ्यांचं सगळंच थोर.

आमचे आकडेमास्तर, म्हणजे हिशेब मांडणारे संख्याशास्त्रज्ञ, त्यांनी एकोणीस नंबर पडद्यावर लावला. सर एकदम ताठ झाले.

"हा आजारी माणूस आहे. निरोगी गटात कसा आला? चित्रं नंबरवार गटांत कोण लावतं?"

"मी," मी म्हणाले.

"मग तू एका पेशंटचं चित्र निरोगी म्हणून घुसवलंस. चुकून किंवा मुद्दाम."

"सर, आणि हे खरंच निरोगी म्हणून आलेलं माणूस असलं तर? त्याला तर माहीतच नसेल. आपण नावांच्या चिठ्ठ्यांचा डबा उघडून बघू या."

"डबा!" सरांचा आवाज चढला. "निरोगी गटातल्या प्रत्येकाचं रक्त आधी तपासतो आपण. लिव्हर बिघडलेलं असतं तर तिथेच कळलं असतं. तुझ्या गोंधळासाठी मी तीन वर्षांचं काम पाण्यात घालू? बुधवारपर्यंत खरं सांग, नाहीतर टेबल रिकामं कर."

ते बोलत होते आणि मी खाली मान घालून बघत होते त्यांच्या करंगळीवरचा शाईचा डाग, त्यांच्या खुर्चीमागची ती जुनी फ्रेम, टेबलावरचा काचेचा गोळा. त्यांचा चेहरा सोडून काहीही. अशा वेळी माणूस फर्निचरचा फार बारकाईने अभ्यास करतं.

आणि आता सोमवारी फाईलच गायब. चोर कोण हे सांगायला कुणाच्या साक्षीची गरजच नव्हती. सगळी बोटं माझ्याकडेच वळणार होती.

२

मी थेट तळमजल्यावर फिल्मकाकूंकडे गेले.

काकूंनी छत्तीस वर्षं एक्सरेच्या फिल्मची खोली सांभाळली. फिल्म गेल्या, कॉम्प्युटर आले, काकू निवृत्त झाल्या. पण खोलीची किल्ली त्यांच्याकडून मागायची कुणाची हिंमत झाली नाही. त्या रोज दहाला येतात, खिडकीशी बसून विणतात. आमच्या अभ्यासाचा पत्र्याचा डबा त्यांच्याच ताब्यात आहे. प्रत्येक माणसाचं नाव आणि नंबर एका चिठ्ठीवर लिहून, चिकटवून त्या डब्यात. अभ्यास संपेपर्यंत डबा उघडायचा नाही. मध्ये उघडायचा तर सरांची सही हवी. सहीशिवाय एक चिठ्ठी फुटली तरी अभ्यास बाद. नियम सरांचाच.

मी रडत रडत सगळं सांगितलं. काकूंनी विणकाम खाली ठेवलं नाही.

"धाकटे, नाक पूस आधी. चिठ्ठी लिहून डब्यात कोण टाकतं?"

"मिस्त्री." म्हणजे आमचे मशीनवाले. पंचवीस वर्षं इथे आहेत, आधी एक्सरे, आता एमआरआय चालवतात, मशीनला घरच्या म्हाताऱ्या गाईसारखं जपतात, म्हणून हे नाव. "पण त्यांनी शपथ घेतलीय. ते नाव सांगणार नाहीत."

"नाव नको मला. तिघांशी बोलते. तू गप्प बसून ऐक. जमेल?"

पहिले आले आकडेमास्तर. काकूंनी विचारलं, "एकोणीस नंबर गेल्याने तुमचं काय बिघडलं?"

"बिघडलं? सुधारलं!" मास्तर भाबडेपणाने म्हणाले, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे... तो एक नसला की आकडे सुंदर येतात. पण काकू, मी खोडत नाही काही. नावडता आकडा खोडणारा संख्याशास्त्रज्ञ म्हणजे दूधवाल्याने..."

"कळलं. त्याच्या रक्ताचा रिपोर्ट?"

"यायचाय. चार महिने झाले. चाळीसपैकी एकोणचाळीस आलेत. मिस्त्रींना तीनदा विचारलं, ते म्हणतात, देतील, देतील."

"आणि आकडे जोडायचा कागद?"

ही आमची साधी परीक्षा. कागदावर एक ते पंचवीस आकडे विखुरलेले असतात, ते क्रमाने रेघेने जोडायचे. निरोगी माणूस अर्ध्या मिनिटात जोडतं. सरांचं वाक्यच आहे, मिनिटाच्या वर गेला तर लिव्हरला विचारा. मास्तरांनी फायलीतून कागद काढला. एकोणीस नंबरला दोन मिनिटं अकरा सेकंद लागली होती.

"मला वाटलं, आळशी असेल," मास्तर म्हणाले.

काकूंनी कागद उजेडाला धरला आणि त्या रेघा निरखत राहिल्या.

३

मिस्त्री आले ते हात पुसतच. काकू आणि ते जुने सोबती. पण आज त्यांनी काकूंच्या नजरेला नजर दिली नाही.

"फाईल तुम्ही काढलीत?"

"मला काय माहीत नाही."

"त्या दिवशी मशीनमध्ये कोण झोपलं होतं?"

"काकू, शपथ आहे."

"बरं. मग शपथेबाहेरचं सांगा. ठरलेलं माणूस आलं नाही तर काय करता?"

मिस्त्रींनी जमिनीकडे बघितलं. "मशीन रिकामं ठेवायचं नाही, असा सरांचा हुकूम आहे. मग आपल्यातलंच कुणीतरी झोपतं. मी झोपलोय, मास्तर झोपलेत. ही धाकटीपण झोपलीय."

ते गेले तेव्हा दारात क्षणभर थांबले. काहीतरी ओठावर आलं होतं, पण ते बाहेर पडलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो कसा दिसतो, हे मी तेव्हा पाहिलं.

सरांकडे काकू स्वतः वर गेल्या, मला घेऊन. सर म्हणाले, "काकू, तुम्ही कशाला त्रास घेतलात? प्रकरण उघड आहे." मग घड्याळ बघून, "मला साडेबाराला राऊंड आहे, झालेच साडेबारा."

"बारा वीस झालेत," काकू म्हणाल्या. "एकच विचारायचंय. तुम्ही कधी झोपलात त्या मशीनमध्ये?"

"या अभ्यासात? छे! मशीनच्या खोलीत मी कित्येक वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. मी काचेच्या अलीकडे बसतो."

ते खरं बोलत होते. माणूस खोटं बोलतंय की नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्या चेहऱ्यावर खोट्याचा मागमूस नव्हता.

खाली येताना काकू जिन्यात थांबल्या. "धाकटे, मिस्त्री रोज सकाळी पेशंटच्या आधी मशीनमध्ये काय ठेवतात?"

"पाण्याची बाटली. मशीन नीट चालतंय ना हे बघायला. तिचं चित्र काढतात, रोज एक."

"ती चित्रं कोण बघतं?"

"पाण्याची बाटली कोण बघणार, काकू?"

"तेच म्हणतेय मी. मिस्त्रींनी पंचवीस वर्षांत एक चित्र फाडलेलं मला ठाऊक नाही. वाकडं आलेलंसुद्धा जपून ठेवतात. असा माणूस चित्र लपवील, पण पुसणार नाही. जा, बाटल्या मोज."

मी मोजल्या. मिस्त्रींच्या वहीत गेल्या शनिवारी सकाळी एक बाटली होती. कॉम्प्युटरमध्ये त्या तारखेला दोन होत्या.

दुसरी बाटली मी उघडली. पडदा आधी काळा राहिला, मग हळूहळू त्यात एक कवटी उमटली, आणि तिच्या गाभ्यात ते दोन पांढरे बदाम पेटले.

४

"म्हणजे मिस्त्रींनीच!" मी धापा टाकत खाली आले. "पण का? स्वतःचंच चित्र आहे का ते?"

"मिस्त्रींनी तसा कागद मागे माझ्यासमोरच तीस सेकंदांत केलाय. आता हा बघ." काकूंनी एकोणीस नंबरचा कागद माझ्यापुढे सरकवला. "बाकीचे सगळे कागद पेन्सिलीचे. हा शाईचा. का?"

मी आठवून बघितलं. पेन्सिल पळवतात म्हणून मिस्त्रींनी ती लिहायच्या पाटीला उजव्या बाजूला दोरीने बांधून टाकली आहे. दोरी वीतभर.

"डावखुऱ्याला ती पुरत नाही," मी हळूच म्हणाले.

"म्हणून त्याने खिशातलं स्वतःचं पेन काढलं. शाई ओली, आणि डावा हात तिच्यावरून घासत गेला. बघ, रेघा कशा फिसकटल्यात. ही झाली एक गोष्ट. दुसरी, रक्ताचा रिपोर्ट नाही. मिस्त्री एरवी रिपोर्टशिवाय कुणाला दारात उभं करत नाहीत. म्हणजे हे माणूस असं, ज्याला मिस्त्री नाही म्हणू शकत नाहीत." काकूंनी सुई लोकरीत खोचली. "आणि तिसरी गोष्ट तुम्ही सगळे चार महिने ऐकताय."

"कुठली?"

"किल्लीचं घड्याळ मोठ्या लोहचुंबकाजवळ गेलं की बिघडतं. त्याची आतली स्प्रिंग आखडते आणि ते पुढे पळायला लागतं. रोज सकाळी लावा, अकरापर्यंत दहा मिनिटं पुढे."

एमआरआय म्हणजे लोहचुंबकच, तोही प्रचंड. दारावर हाताएवढ्या अक्षरात पाटी आहे, घड्याळ काढून ठेवा. ती पाटी सरांनीच लावायला लावली होती.

"पण काकू, ते म्हणाले, मी गेलोच नाही. आणि ते खरं बोलत होते!"

"खरंच बोलत होते. त्यांना आठवत नाही, धाकटे. घड्याळ काढायचं आठवलं नाही, आणि त्या दिवशी आपण आत गेलो हेही आठवत नाही. असं कशाने होतं, हे तू मला सांगायचं. डॉक्टर तू आहेस."

मला उत्तर पाठ होतं. लिव्हर थकलं की अमोनिया रक्तात साठतो, मेंदूवर धुकं उतरतं. दिवसा झोप, रात्री जाग. उगाच संताप. मधलेच काही तास पुसले जातात. हे सगळं मी सरांच्याच व्याख्यानात लिहून घेतलं होतं, पुढच्या बाकावर बसून. आणि चार महिने ते माझ्या डोळ्यांसमोर चाललेलं असताना मी त्याला थोरपणा म्हणत होते. दिव्याखाली अंधार, आणि आम्ही सगळे त्या अंधारात चष्मे पुसत बसलो होतो.

"पण हा नुसता तर्क झाला," मी म्हणाले. "डबा उघडल्याशिवाय सिद्ध कसं करणार? आणि सही तर तेच करणार नाहीत."

"सिद्ध करायचं ते भिंतीवर टांगलंय," काकू म्हणाल्या. "चित्र घे आणि चल."

५

केबिनमध्ये सर, मास्तर आणि मिस्त्री. मी एकोणीस नंबरची मोठी फिल्म काढून आणली होती. काकूंचा कॉम्प्युटरवर विश्वास नाही. त्यांनी ती खिडकीच्या काचेवर चिकटवली. दुपारचं ऊन तिच्यातून आत आलं.

"सापडलं तर!" सर माझ्याकडे बघून म्हणाले. "कुठे लपवलं होतंस?"

"ते नंतर," काकू म्हणाल्या. "आधी मला अडाणी बाईला समजावून सांगा. चोरी, लबाडी सगळं बाजूला ठेवा. हे माणूस तुमच्यापुढे आलं असतं तर काय सांगितलं असतंत?"

सर उठले. आजार समोर आला की त्यांची चिडचिड कुठच्या कुठे जायची. ते खिडकीशी गेले, आणि त्यांच्या आवाजात ते जुनं मार्दव आलं ज्यासाठी मी हा विषय निवडला होता.

"याचं लिव्हर बरीच वर्षं आतल्या आत सुकतंय. दारू प्यायलाच पाहिजे असं नाही. नुसत्या साठलेल्या चरबीनेही होतं. दुखत नाही, खुपत नाही. लोक म्हणतात, वय झालं. हा दिवसा पेंगतो. रात्री जागतो. घरच्यांवर ओरडतो आणि त्याला वाटतं, चुकतायत ते सगळेच. काही गोष्टी विसरतो, आणि विसरलोय हेही त्याला..." ते थांबले. "याला ताबडतोब शोधायला हवं. उशीर केला तर एक दिवस हा बेशुद्ध होईल, पुन्हा उठणार नाही. वेळेत सापडला तर याला वाचवता येईल."

काकू सरांच्या खुर्चीमागे गेल्या आणि त्यांनी भिंतीवरची ती जुनी फ्रेम खुंटीवरून उतरवली.

ती फ्रेम मी हजार वेळा पाहिली होती. बारा वर्षांपूर्वी मशीन नवीन आलं, तेव्हा लोक त्यात शिरायला घाबरत होते. म्हणून सर स्वतः पहिले झोपले. मशीनने पाहिलेलं पहिलं डोकं त्यांचं, आणि ती फिल्म मिस्त्रींनी फ्रेम करून दिली होती.

काकूंनी ती खिडकीवरच्या फिल्मशेजारी धरली.

मेंदूच्या घड्या दोन माणसांच्या कधी सारख्या नसतात. एका आईच्या जुळ्यांच्याही नसतात. डावीकडे वरच्या बाजूला एक खाच होती, पुढे जाऊन दुभंगलेली, तिच्या टोकाशी गळासारखा एक लहानसा आकडा वळलेला. फ्रेममध्ये होती. खिडकीवर होती. एकेक वळण, एकेक आडवाट, जशीच्या तशी. बारा वर्षांत त्या माणसाने किती पेशंट पाहिले असतील, किती जणांना शिकवलं असेल, माझ्यासारख्या किती जणींना घडवलं असेल, आणि ते सगळं या एवढ्याशा घड्यांमध्ये मावलेलं! फरक फक्त एक होता. जुन्या चित्राच्या गाभ्यात अंधार होता, आणि नव्यात उजेड.

सरांनी दोन्हींकडे बघितलं. मग डावा हात वर करून ती दुभंगलेली खाच बोटाने आधी एकीवर गिरवली, मग दुसरीवर. करंगळी शाईने निळी होती. मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"मी आत गेलो होतो?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"गुरुवार होता, सर," मिस्त्रींचा आवाज फाटला. "तिसरं माणूस आलं नाही. तुम्ही म्हणालात, रिकामं ठेवायचं नाही, मीच झोपतो. रक्ताचं विचारलं तर म्हणालात, लिव्हरच्या डॉक्टरचं रक्त तपासतोस? घड्याळ तर तुम्ही दारातून आत आल्यावर मी ओढून काढलं. ते दोन डाग दिसले, मला त्याच दिवशी कळलं. दोनदा म्हटलं, रक्त देऊन टाका. दोनदा अंगावर आलात."

"गाढवा, मग नाव घेऊन सांगायचं होतंस!"

"शपथ तुम्हीच घातली होतीत." मिस्त्री आता उघड रडत होते. "शुक्रवारी तुम्ही स्वतःच्याच चित्राला लबाडी म्हणालात. ते ऐकून मला राहवलं नाही. म्हटलं, आधी ते डोळ्यांआड करू, मग तुम्हाला कसंतरी तपासणीला नेऊ. या पोरीवर आळ येईल, हे सुचलंच नाही. चुकलो."

सर खुर्चीत बसले. बराच वेळ ते त्या खिडकीकडे बघत होते. भीती असेलच, पण मला त्यांच्या तोंडावर दिसलं ते निराळंच होतं. तीस वर्षं ज्याचा माग काढला, ते आज त्यांना स्वतःच्याच घरात भेटलं होतं.

"काय सुंदर चित्र आहे," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "डॉक्टर, मला माफ कर. आणि रक्त काढायची सुई आण. आत्ता."

६

रक्त आणि सोनोग्राफी, दोन्हींनी तेच सांगितलं. काकूंनी डबा तसाच ठेवला. एकोणीस नंबर गटातून वगळला, त्याचं कारण लेखी नोंदवलं, सर अभ्यासातून बाजूला झाले, आणि आमचं काम वाचलं. मास्तर म्हणतात, आकडे सुंदर आले. पण ते हे हळू आवाजात म्हणतात.

सरांच्या लेकीने स्वतःच्या लिव्हरचा तुकडा वडिलांना दिला. काही आठवड्यांतच तो तिच्या पोटात वाढून भरून आला आणि सरांच्या पोटातही वाढला. एका लिव्हरची दोन झाली. मी डॉक्टर आहे, मला हे कसं होतं ते ठाऊक आहे, आणि तरीही मला ते खरं वाटत नाही.

वर्षाने, एका सकाळी, सर पुन्हा मशीनच्या दारात उभे राहिले. त्यांनी न सांगता घड्याळ काढलं आणि मिस्त्रींच्या हातात ठेवलं. दुरुस्त केलेलं होतं, बरोबर चालत होतं. काकू विणकाम घेऊन काचेच्या अलीकडे बसल्या होत्या.

मशीन धडधडलं. चित्र एकेक थराने उमटत गेलं. ती दुभंगलेली खाच आली, तिचा आकडा आला. मी पुढच्या थराची वाट बघत होते. गाभा आला.

मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत शोधलं. मिस्त्रींनी पडद्याचा उजेड वाढवून बघितलं, कमी करून बघितलं.

माईकमधून सरांचा आवाज आला, "काय दिसतंय, डॉक्टर?"

मी बटण दाबलं. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"काही नाही, सर," मी म्हणाले. "काहीच दिसत नाही. सगळा अंधार आहे."

मग सर म्हणाले, "मग मला बाहेर काढा. पुढचं माणूस थांबलं असेल. मशीन रिकामं ठेवायचं नाही."